पाडवा इकडे, ईद तिकडे

२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. गुढी उभारून, नैवेद्य दाखवून मी मागल्या पडवीत जरा टेकले होते. तेवढ्यात गडग्यापलीकडून शेजारच्या भाभींची हाक आली, "वहिनी, जरा या हो. लेकीशी बोला. तिची आज ईद आहे."

मी चक्रावलेच. ईद आज कशी? भाभींचा स्वतःचा त्या दिवशी रोजा होता. पण मोबाइलच्या पडद्यावर त्यांची थोरली नवा ड्रेस घालून हसत उभी होती. "काकू, पाडव्याच्या शुभेच्छा! गुढी दाखवा ना." तिकडे जर्मनीत रमजान १ मार्चला सुरू झाला, आपल्याकडे २ मार्चला. चंद्राच्या हिशेबानं तिची ईद एक दिवस आधी आली. आयुष्यात पहिल्यांदाच आईचा रोजा आणि लेकीची ईद एकाच दिवशी! भाभी हसत होत्या, पण पदरानं डोळे पुसत होत्या.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. मुलीनं "लिहा, पण नाव नको" म्हटलंय, म्हणून नाव देत नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमच्या दोन घरांत एक चिऱ्याचा गडगा. भाभींच्या यजमानांनी बावीस वर्षं कुवेतला नोकरी केली. कोकणातल्या मुसलमान घरांत हे नवं नाही. मुलगा आखातात निघाला की मोहल्ला त्याला पोचवायला जातो. पण २०२४ च्या ऑक्टोबरात इंजिनीयर झालेली मुलगी पुढच्या शिक्षणासाठी ड्रेस्डेनला निघाली, तेव्हा त्याच मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. "आपल्यात मुली कुठे इतक्या लांब जातात?" आणि खोटं कशाला बोलू, आमच्या आळीतही काही वेगळं चाललं नव्हतं. आमच्याकडचा प्रश्न फक्त दुसऱ्या टोकाचा, "यांच्यात मुलीला पाठवतात होय?"

मैत्रिणींनो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आपल्या कोकणाजवळच आहे. १९०६ साली अतिया फैजी नावाची मुंबईची तरुणी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली. तिची बहीण नाझली ही मुरुड-जंजिऱ्याची बेगम. अतिया तिथलं रोजचं जगणं घरी लिहून पाठवायची आणि ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून यायचं. तब्येत बिघडल्यानं अभ्यासक्रम अर्धा टाकून ती १९०७ मध्ये परतली, पण तिचं ते लिखाण पुढे १९२१ मध्ये पुस्तकरूपानं आलं. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पडद्यातल्या बायका घरी बसून एका मुसलमान विद्यार्थिनीचं परदेशातलं आयुष्य वाचत होत्या. आणि आपण अजून 'कुठे जातात' विचारतोय!

असो. आमच्या मुलीकडे येते.

पैशांची गोष्ट आधी सांगते, कारण बचत गटाच्या बैठकीत बायका तेच विचारतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, दर सत्राला ठरावीक वर्गणी भरायची. मात्र वर्षभराचा राहण्या-जेवणाचा खर्च आधीच तिथल्या एका खास खात्यात भरून दाखवावा लागतो आणि त्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. आपल्या पैशांत दहा लाखांच्या वर! भाईंनी कुवेतची शिल्लक मोडली आणि भाभींनी दोन पाटल्या. धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेल्या होत्या त्या.

ड्रेस्डेनला आगगाडीनं शिरताना तिला खिडकीतून भला मोठा रंगीत घुमट दिसला. बाजूला मनोरे. तिचा जीव हरखला, मशीद! नंतर कळलं, तो १९०९ साली बांधलेला सिगारेटचा कारखाना. तंबाखू तुर्कांच्या मुलखातून यायची, म्हणून मालकानं इमारतीला मशिदीचं रूप दिलं आणि धुराडं मनोऱ्यात लपवलं. आता तिथे कचेऱ्या आहेत. फोनवर हे सांगताना ती इतकी हसली! पण मग म्हणाली, "काकू, त्या रात्री मला फार रडू आलं. उगाचच."

नमाज कुठे नि कसा पढायचा, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करतात. तिथून मक्का आग्नेयेला. खोलीत तिनं खिडकीच्या कोपऱ्यात जानमाज अंथरला. नकाशा काढून पाहिला तर आपलं गावही साधारण त्याच बाजूला येतं. "म्हणजे अम्मीकडे तोंड करूनच बसते मी," असं तिनं भाभींना सांगितलं, आणि भाभींनी ते मला तीनदा सांगितलं.

विद्यार्थ्यांच्या खानावळीला तिथे 'मेन्झा' म्हणतात. पदार्थाच्या नावापाशी डुकराचं मांस, गोमांस, दारू, अगदी लसूण असेल तर त्याचीही खूण असते. तिची नाशिकची मैत्रीण माळकरी घरातली, एकादशी धरणारी. दोघी मिळून त्या खुणा वाचतात. एकीला हलाल हवं, दुसरीला शाकाहारी. शेवटी दोघींच्या ताटात बटाटा! दुकानातल्या रंगीत मऊ गोळ्याही दोघींना चालत नाहीत, कारण त्यातलं जेलाटीन बहुधा डुकराचं असतं. हे सगळं ऐकून मला गंमत वाटली. इथे ज्या दोन घरांच्या चुली एकमेकींकडे पाठ करून असतात, तिथल्या लेकी परमुलखात एकाच बाकावर बसून एकच पाटी वाचताहेत.

डोक्यावरच्या स्कार्फचं काय, हे मी भीत भीत विचारलं. म्हणाली, "थंडीत सगळेच टोप्या घालतात, काकू. कुणाच्या लक्षातही येत नाही. खरी परीक्षा ऊन पडल्यावर."

परीक्षा मात्र थंडीतच झाली. जानेवारीत एकदा ट्राममध्ये एक माणूस तिच्या स्कार्फकडे बोट दाखवून मोठमोठ्यानं बोलायला लागला. तिला जर्मन जेमतेम कळत होतं, पण 'परत जा' एवढं कळलं. डबा भरलेला. सगळ्यांनी माना मोबाइलमध्ये घातल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली आणि हिच्या शेजारी येऊन बसली. बोलली काहीच नाही. तिसऱ्या थांब्यावर उतरताना फक्त 'दिवस चांगला जावो' म्हणाली.

भाभींना हे तिनं महिनाभर सांगितलं नव्हतं. कारण भाभींना त्या शहराची एक जुनी बातमी कुणीतरी आधीच ऐकवली होती. १ जुलै २००९ रोजी ड्रेस्डेनच्या न्यायालयात मारवा अल-शेर्बिनी या इजिप्तच्या गरोदर तरुणीला नवरा आणि तीन वर्षांच्या मुलासमोर भोसकून मारलं. खेळाच्या मैदानात झोपाळ्यावरून एका माणसानं तिला तिच्या स्कार्फपायी शिव्या घातल्या होत्या. तिनं तक्रार केली, साक्ष दिली. त्याच साक्षीच्या दिवशी त्यानं सुरा काढला. नवरा तिथल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होता. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्याच शहरात २०१४ पासून मुसलमानांविरुद्ध मोर्चे निघायचे. शेवटचा मोर्चा २०२४ च्या ऑक्टोबरात निघाला, म्हणजे आमची मुलगी तिथे पोचली त्याच महिन्यात. पण त्याच शहरानं न्यायालयाजवळच्या बागेला मारवाचं नाव दिलंय, हेही तिनंच सांगितलं. एका शहरात दोन्ही तऱ्हेची माणसं राहतात. ट्रामच्या एका डब्यातही.

ती म्हातारी मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण मला एक जुना दिवस आठवत होता.

हीच मुलगी इंजिनीयरिंगला निघाली तेव्हा खोली बघायला मी भाभींबरोबर एका मोठ्या शहरात गेले होते. माझी बहीण तिथे राहते, म्हणून. घरमालकीणबाई छान होत्या, चहा दिला, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग त्यांनी मुलीचं नाव विचारलं. नाव ऐकलं आणि त्यांना एकदम आठवलं की खोली भाच्याला द्यायची आहे. बाहेर येऊन भाभी मलाच समजावत होत्या, "जाऊ दे वहिनी, होतं असं." त्या दिवशी चार ठिकाणी असं झालं. आणि मी? महिला मेळाव्यांतून भाषणं करणारी मी, चारही ठिकाणी चहाचा कप खाली ठेवून गुपचूप उठले. 'हिची जबाबदारी मी घेते' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी गप्प होते आणि ट्राममधली म्हातारीही गप्पच होती. पण ती उठून जवळ आली होती.

आता रोज्यांचं. मार्चच्या सुरुवातीला तिथे पावणेसहाला सूर्य मावळायचा, महिनाअखेरीस साडेसहाला. हाच महिना जूनमध्ये आला की उपास अठरा तासांच्या आसपास जातो. या वेळी तसं सोपं होतं. पण उपास सोडताना शेजारी कुणी नाही, हेच अवघड. तिथे पावणेसहा म्हणजे आपल्याकडे सव्वादहा. भाभी जाग्या राहायच्या. समोर मोबाइल उभा करून ती खजूर तोंडात टाकायची. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर राहणाऱ्या जर्मन मुलीनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "आज किती वाजता?" आणि दोन ताटल्या मांडल्या. ती मुलगी कुठलाच धर्म मानत नाही. पण महिनाभर घरी असेल त्या संध्याकाळी ती सूर्य मावळेपर्यंत जेवायची थांबली.

हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं आमच्या गडग्यावरून दर ईदला शिरखुर्म्याचा डबा येतो. मी हसून घेते, दिवाळीत फराळाचं ताट पाठवते. एकोपा म्हणून इतरांना सांगतेसुद्धा. पण तो शिरखुर्मा आमच्याकडे कधी कुणी खाल्ला नाही. सासूबाई असताना तो कामाच्या बाईला जायचा. त्या गेल्या, तरी मी तोच शिरस्ता चालू ठेवला. विचार न करता. आणि 'आज रोजा किती वाजता सोडणार?' असं मी भाभींना वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी तिकडे रविवार, दुकानं बंद. तिनं दूध, शेवया, खजूर शनिवारीच आणून ठेवले होते. त्याच पहाटे तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे ईदच्या नमाजला धावपळ झाली. दुपारी नाशिकची मुलगी श्रीखंड घेऊन आली, तिचा पाडवा. एका टेबलावर शिरखुर्मा आणि श्रीखंड, आणि मधे जर्मन मुलगी दोन्हीची कृती विचारत बसलेली. तिनं फोटो पाठवला. भाभींनी तो गडग्यावरून मला दाखवला.

संध्याकाळी इथे चंद्र दिसला. सोमवारी ईद. दुपारी भाभींनी नेहमीसारखी हाक मारली, डबा घेऊन. मी म्हटलं, "भाभी, डबा राहू दे. मी येतेय." मी गेले, त्यांच्या ओटीवर बसले आणि वाटीभर शिरखुर्मा खाल्ला. भाभी काही बोलल्या नाहीत, फक्त वाटी पुन्हा भरली. त्यांना ठाऊक असणार, इतकी वर्षं त्या डब्याचं काय होत होतं ते. बायकांना अशा गोष्टी कळतात.

धाकटी दाराशी उभी होती. बारावीचा निकाल लागला की तिलाही बाहेर शिकायला जायचं होतं. भाईंचं मन होत नव्हतं. "थोरलीच्या वेळी खोलीसाठी किती दारं फिरलो," असं ते म्हणायचे. परदेशाची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती आपल्याच शहरांची. परक्यांनी लेकीला रोज ताट वाढलं आणि आपल्या माणसांनी दार लावलं, हे कुठल्या बापाला विसरता येईल?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी खोल्या भाड्यानं देतात, मुलांना जेवणाचे डबे देतात. कितीजणींच्या गडग्यापलीकडे असं एखादं घर असेल. मी तुम्हाला उपदेश करायला बसले नाही, तो अधिकार मला नाही. मी फक्त भाईंना त्या ओटीवर बसून एक सांगून आले, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

"भाई, धाकटीची खोली बघायला मी येणार. आणि या वेळी नाव मी आधी सांगणार, चहा नंतर घेणार."