अठरा वर्षांची रेघ आणि हाडांचा एक्स-रे

वीटभट्टीवर जन्मलेल्या, ऊसतोडीला फिरलेल्या अनेक मुलांकडे जन्मदाखला नसतो. शाळेत नाव असलेच, तर गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख असते. अशा मुलावर गुन्हा दाखल झाला किंवा अशा मुलीवर अत्याचार झाला, की वय ठरवण्यासाठी हाडांचे एक्स-रे काढले जातात. अहवालात एकच आकडा येतो : 'वय १८'. खटला तिथेच फिरतो.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच ही ऑसिफिकेशन टेस्ट. या टेस्टमध्ये दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयामाला खटल्यातच मान्य केले. म्हणजे १८ हा आकडा १६ असू शकतो, २० सुद्धा. तरीही डॉक्टर एकच आकडा लिहून सही करतात, तेव्हा ते मोजमाप न्यायालयापुढे अर्धेच ठेवतात.

मोजपट्टी कोणाची, हाही प्रश्न आहेच. हाडांचे वय ठरवण्यासाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिक-पाईल अ‍ॅटलास अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या खात्यापित्या गोऱ्या मुलांच्या एक्स-रेवर बेतलेला आहे. कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते. उपाशी वाढलेल्या पोराचे हाड त्याचे वय कमी सांगू शकते.

आता अवघड भाग. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पॉक्सो खटल्यांत पीडितेच्या वयाची वरची मर्यादा धरून त्यावर दोन वर्षांचा फरक द्यायला सांगितले. आंतरजातीय प्रेमात मुलीकडच्यांनी पॉक्सोत अडकवलेला आपला पोरगा यातून सुटू शकतो. आणि आपल्याच वस्तीतल्या सतरा वर्षांच्या पीडितेची केसही याच नियमाने ढासळू शकते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : फायदा कोणाचाही होवो, डॉक्टरांनी वयाची पूर्ण मर्यादा लिहावी. 'आपला माणूस आहे, वय जरा कमी लिहा' असे सांगायला जाणारे कार्यकर्तेही पुराव्याशी खेळतातच.

खरी लढाई एक्स-रेच्या आधीची. अटकेनंतर लगेच शाळेतून प्रवेश निर्गम उतारा काढा, ग्रामपंचायतीची जन्मनोंद शोधा. टेस्ट झालीच, तर वकिलांना उलटतपासणीत विचारायला सांगा : कोणत्या सांध्यांचे एक्स-रे काढले, कोणता तक्ता वापरला, आणि किती वर्षांचा फरक धरला?