रिकाम्या जागेचे धनी

श्रीपूर माळशिरस तालुक्यात येते. पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा मतदारसंघात १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणुकीचे मतदान झाले, तेव्हा श्रीपूरच्या मतदाराला त्यात मत नव्हते. तरीही निकालाची उत्सुकता श्रीपुरात पंढरपूरइतकीच होती, आणि त्याचे कारण उघड आहे. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे ज्या गावाचे नाव साखरेशी जोडले गेले, त्याच गावात आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे, आणि हा कारखाना पंढरपूरच्या परिचारक गटाच्या नेतृत्वाखाली चालत आला आहे. ज्या गावाला मत नाही त्या गावाचे वजन मात्र निवडणुकीत पडते, ही सोलापूर जिल्ह्याच्या राजकारणातील जुनीच गोष्ट. पोटनिवडणुकीच्या दिवसांत ती अधिक ठळकपणे दिसली एवढेच.

भारत भालके यांचे २८ नोव्हेंबर २०२० रोजी निधन झाले आणि ही जागा रिकामी झाली. २००९, २०१४ आणि २०१९ अशा लागोपाठ तीन निवडणुका त्यांनी तीन वेगवेगळ्या पक्षांच्या चिन्हांवर जिंकल्या होत्या. २००९ मध्ये त्यांनी विजयसिंह मोहिते-पाटील यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला, तर २०१९ मध्ये सुधाकरपंत परिचारक यांचा. दुर्दैव असे की, सुधाकरपंतही त्याआधी तीनच महिने, १७ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाने गेले होते. दोन्ही प्रमुख प्रतिस्पर्धी एकाच साथीच्या वर्षात काळाआड झाले आणि मागे राहिले ते त्यांचे वारस, त्यांचे गट व त्यांचे कारखाने. गुरसाळ्याच्या वेणुनगरातील ‘विठ्ठल’ भालके यांच्याकडे, श्रीपूरचा ‘पांडुरंग’ परिचारकांकडे आणि मंगळवेढ्याचा ‘संत दामाजी’ समाधान आवताडे यांच्याकडे, अशी तेव्हाची वाटणी होती. उसाचे बिल, तोडणीची पाळी, नोकरी आणि उचल या चार गोष्टी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती मते, असा हिशेब मांडला गेला. परिचारकांनी आवताडे यांना पाठिंबा दिला, दोन कारखाने एका बाजूला आले आणि जाणत्यांनी बेरजा करायला घेतल्या.

त्या बेरजेचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये सुधाकरपंतांना व आवताडे यांना मिळून सुमारे एक लाख तीस हजार मते पडली होती. २०२१ मध्ये दोन्ही गट एकत्र येऊनही आवताडे यांना मिळाली १,०९,४५० मते. उलट भगीरथ भालके यांची मते वडिलांच्या ९० हजारांच्या आसपासच्या आकड्यावरून १,०५,७१७ वर गेली. फरक उरला अवघ्या ३,७३३ मतांचा. म्हणजे वीस हजारांहून अधिक मते पुढाऱ्यांच्या बेरजेत बसली नाहीत. आणि दिवंगत आमदाराविषयीची सहानुभूतीही खरी असली, तरी ती विजयापर्यंत पुरली नाही. मतदाराने कारखान्याचेही सगळे ऐकले नाही आणि घराण्याचेही नाही. पुढे २०२२ मध्ये ‘विठ्ठल’ आणि ‘दामाजी’ या दोन्ही कारखान्यांच्या सभासदांनी आपापले सत्ताधारी बदलले, तेव्हा या मतदाराचा स्वभाव पुन्हा एकदा दिसून आला. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील कोरडवाहू गावांनी पाण्यासाठी किती वर्षे, किती सरकारांपुढे गाऱ्हाणे मांडले आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या स्वभावाचे नवल वाटणार नाही.

तथापि राजकीय पक्षांना तो अजून उमगलेला नाही. आमदार दिवंगत झाला की त्याच्या पत्नीला वा मुलाला उमेदवारी द्यायची, ही आता रूढी झाली आहे. तासगाव-कवठे महांकाळमध्ये २०१५ साली आर. आर. पाटील यांच्या पत्नी सुमनताई, त्याच वर्षी वांद्रे पूर्व येथे बाळा सावंत यांच्या पत्नी तृप्ती, देगलूरमध्ये २०२१ साली रावसाहेब अंतापूरकर यांचे पुत्र जितेश, कोल्हापूर उत्तरमध्ये २०२२ साली चंद्रकांत जाधव यांच्या पत्नी जयश्री, अंधेरी पूर्वमध्ये त्याच वर्षी रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा, चिंचवडमध्ये २०२३ साली लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी: हे सारे निवडून आले. या व्यक्तींच्या योग्यतेचा येथे प्रश्न नाही. मतदारांनी त्यांना रीतसर निवडून दिले आहे. प्रश्न आहे तो विरोधी पक्षाने उमेदवार न देणे हे सौजन्याचे लक्षण मानले जाते त्याचा. अंधेरी पूर्वमध्ये प्रमुख प्रतिस्पर्धी पक्षाने माघार घेतली, तेव्हा १२,८०६ मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले आणि तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मराठीत ‘पोटनिवडणूक’ हा शब्द ज्या रीतीने बनला, त्याच रीतीने ‘पोटभाडेकरू’ हाही बनला आहे. मूळ भाडेकरूने आपली खोली परस्पर दुसऱ्याला द्यावी आणि घरमालकाला कोणी विचारूही नये, असा काहीसा प्रकार या रूढीत आहे. आपण घरमालक आहोत याची आठवण अंधेरीतील त्या बारा हजारांनी करून दिली.

वारसांचा व कारखान्यांचा हक्क असा मतपेटीत तपासला जातो. परंतु रिकाम्या जागेवर आणखी एक हक्कदार असतो आणि त्याचा हक्क तपासण्याची सोय मतदाराला नाही. ही जागा केव्हा भरायची आणि भरायची की नाही, हे ठरवणारा तो निवडणूक आयोग.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली १५१-अ हे कलम घातले गेले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी, असे ते सांगते. अपवाद दोनच: सदस्याची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर, अथवा या अवधीत निवडणूक घेणे कठीण आहे असे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर. कलमाचा हेतू स्पष्ट आहे. कोणताही मतदारसंघ दीर्घकाळ मुका राहू नये. पंढरपूर पाच महिने मुके होते. १० मार्च २०२१ रोजी राज्याचे अर्थसंकल्पी अधिवेशन संपले, तेव्हा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या वतीने सभागृहात बोलायला कोणी नव्हते. त्यामुळे निवडणूक घेण्यात तत्त्वतः गैर काही नव्हते. गैर होती ती वेळ.

एप्रिल २०२१ चे दिवस आठवावेत. रुग्णालयांत खाटा नव्हत्या आणि प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. ५ एप्रिलपासून राज्यातील प्रार्थनास्थळे बंद झाली होती; ज्या पंढरीत आदल्या वर्षी आषाढी आणि कार्तिकीही वारकऱ्यांवाचून पार पडली होती, तेथे विठ्ठलाचे दार पुन्हा बंद झाले. १४ एप्रिलपासून साऱ्या राज्यावर कडक निर्बंध आले, आणि त्यातून पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघाला मतदान होईपर्यंत सूट मिळाली. सर्वच पक्षांच्या नेत्यांनी तेथे सभा घेतल्या आणि सभांना गर्दी झाली. चंद्रभागेत स्नान करणाऱ्याला जी मुभा नव्हती, ती मत मागणाऱ्याला होती.

मतदान केंद्रावर बसतो तो शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कचेरीतला कारकून. त्याला हे काम नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांची अशैक्षणिक कामांतून सुटका केली, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांना वगळूनच. कामावर कसूर केली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३४ वे कलम आहेच. साथीमुळे एका केंद्रावर एक हजाराहून अधिक मतदार असू नयेत असा आयोगाचा नियम होता. त्याचा अर्थ केंद्रे वाढली आणि केंद्रांबरोबर माणसेही वाढली. आदल्या दिवशी यंत्र ताब्यात घेण्यासाठी गर्दीत उभे राहायचे, रात्र शाळेच्या वर्गात काढायची, दुसऱ्या दिवशी हजार माणसांच्या बोटाला शाई लावायची आणि रात्री उशिरा यंत्र परत करून घरी जायचे. घरी वृद्ध आईवडील असायचे, लहान मुले असायची. सुरक्षेसाठी मुखपट्टी आणि जंतुनाशकाची बाटली.

त्याच सुमारास उत्तर प्रदेशात पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीतील होत्या, पण अनुभव एकच. शिक्षक संघटनांनी १,६२१ शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची यादी दिली. शिक्षण खात्याने आरंभी मृत्यू मान्य केले ते तीन. कामाच्या दिवशीच किंवा घरी परतण्यापूर्वी मृत्यू आला तरच तो निवडणुकीमुळे झालेला, अशी त्यांची व्याख्या होती. जणू विषाणूने मतमोजणीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावे! ओरड झाली, व्याख्या बदलली आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे तीस लाख रुपयांच्या साहाय्यास पात्र ठरली. मद्रास उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२१ रोजी दुसऱ्या लाटेबद्दल आयोगाला अत्यंत कठोर शब्दांत दोष दिला. सर्वोच्च न्यायालयाला ते शब्द अवाजवी वाटले. शब्द अवाजवी असतीलही, परंतु ५ मे रोजी खुद्द आयोगाने देशातील पोटनिवडणुका साथीमुळे लांबणीवर टाकल्या, हे विसरता येत नाही. देगलूरची जागा एप्रिल २०२१ मध्ये रिकामी झाली आणि तेथे मतदान झाले ३० ऑक्टोबरला, म्हणजे सहा महिने उलटून गेल्यावर. आभाळ कोसळले नाही. जो अपवाद देगलूरला लागू झाला, तो तीन आठवडे आधी पंढरपूरला लागू करता आला असता. पश्चिम बंगालसह अनेक राज्यांच्या मोठ्या निवडणुकांचे वेळापत्रक चालू होते आणि पंढरपूर त्याच गाडीला जोडलेला एक डबा होता, एवढेच त्याचे स्पष्टीकरण दिसते.

याच्या नेमके उलट उदाहरण पुण्याचे आहे. मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले आणि दोन महिन्यांत, २६ फेब्रुवारी २०२३ रोजी, कसब्यात मतदान झाले. प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीत बसून खासदार गिरीश बापट त्या प्रचाराला आले होते. २९ मार्चला तेही गेले. लोकसभेची मुदत तेव्हा एक वर्षाहून अधिक उरली होती, साथ नव्हती, दंगल नव्हती, पूर नव्हता. तरीही आयोग पुण्याची पोटनिवडणूक घेईना. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे, हे त्याचे कारण. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी हे कारण अमान्य करून निवडणूक तत्काळ घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सुमारे वीस लाख मतदारांचे पुणे जून २०२४ पर्यंत खासदाराविना राहिले. या काळात लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर चर्चा झाली, संसद नव्या वास्तूत गेली, महिला आरक्षणाचे विधेयक संमत झाले. यांपैकी कशातही पुण्याचे मत नव्हते. सदस्य परवानगीवाचून साठ दिवस सभागृहात अनुपस्थित राहिला तर त्याची जागा रिकामी ठरवता येते, असे राज्यघटना म्हणते. संपूर्ण मतदारसंघ चौदा महिने अनुपस्थित ठेवला गेला, त्याचा जाब विचारणारे कलम मात्र तीत नाही.

आणि आयोगाची यंत्रणा खरोखर इतकी थकलेली होती म्हणावे, तर अकोला पश्चिमची आठवण होते. गोवर्धन शर्मा यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले. विधानसभेची मुदत एक वर्षाच्या जवळपासच उरली होती, निवडून येणाऱ्याला काही महिनेच मिळणार होते. तेथे मात्र आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली. ती अखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली.

पंढरपुरात साथीच्या ऐन भरात मतदान, पुण्यात निर्वेध काळात मौन, अकोल्यात मुदत सरत असताना घाई: या तिन्ही निर्णयांमागे कोणते एकच तत्त्व होते, हे आयोगाने कधी सांगितलेले नाही. निवडणूक कठीण आहे असे प्रमाणित करताना त्याची कारणे मतदारांसाठी त्याच दिवशी प्रसिद्ध करावीत, आणि कठीण काळात निवडणूक घेत असल्यास ती का घेत आहोत हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, एवढी दुरुस्ती १५१-अ कलमात संसदेला करता येण्यासारखी आहे. ‘कठीण’ म्हणजे यंत्रणेला कठीण, की मतदाराला आणि केंद्रावर बसणाऱ्या शिक्षकाला कठीण, याचा निर्वाळाही त्याच कलमात असावा. केंद्रावरील कर्मचाऱ्याला काम करताना वा त्या कामामुळे आजार जडला, तर त्याच्या कुटुंबाने व्याख्येसाठी मंत्रालयाचे जिने झिजवू नयेत, अशी तरतूद निवडणुकीच्या अधिसूचनेबरोबरच प्रसिद्ध व्हायला हवी. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब रुपयांत तपासणाऱ्या आयोगाला हे अवघड नाही.