फटफटीचा आवाज गेला, मग शर्यतीत राहिलं काय?

चौथीला अनुकरणवाचक शब्द शिकवताना खडखड, कडकड, फडफड अशी आपली ठरलेली यादी असते. माझ्या मते त्यात 'फटफटी' आधी यायला हवी. इंजिनातले स्फोट कानाने ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या गाडीचं बारसं केलं. आता विजेवरची स्कूटर दारातून निघून गेली तरी कळत नाही.

मोटार शर्यतींतही गेली दहा-बारा वर्षं हाच वाद चालू आहे. त्याचा आपल्या वर्गाशी संबंध आहे. गावात सायलेन्सर बदलून हिंडणाऱ्या पोट्ट्यांच्या मागे आपली तिसरी-चौथीची लेकरं 'डर्रर्र' करत धावतात. जितका आवाज जास्त तितकी गाडी जोरात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रागावून ते जात नाही. शर्यतीची गोष्ट सांगितली तर कदाचित जाईल.

सुरुवात ओळखीच्या गाडीपासून करू. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली, आणि तिच्या आवाजावर जीव टाकणारे अजून आहेत. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेरीला एक स्फोट. स्प्लेंडरचं फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांना एक. म्हणून एक तडतडते आणि दुसरी शांत चालते. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलसोबत जळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. धुराचे नियम कडक झाले तशा त्या गाड्या गेल्या. मोठ्या मोटारसायकल शर्यतींतही २००२ पासून फोर-स्ट्रोक आली.

फॉर्म्युला वनमध्ये २०१३ पर्यंत आठ सिलिंडरचं, मिनिटाला १८,००० फेऱ्या घेणारं इंजिन होतं. हे गणित फळ्यावर करून पाहा. सेकंदाला ३०० फेऱ्या, दर फेरीला चार स्फोट, म्हणजे सेकंदाला १,२०० स्फोट! प्रेक्षक कानात बोळे घालून बसत. भारतात ग्रेटर नोएडाला ही शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली, म्हणजे आपल्या वाट्याला तेवढा जुना आवाजच आला.

२०१४ मध्ये सहा सिलिंडरचं, टर्बो आणि विजेची जोड असलेलं इंजिन आलं. सिलिंडर कमी, फेऱ्या कमी, आणि धुरासोबत बाहेर जाणारी ताकद टर्बो पुन्हा वापरणार. आवाज म्हणजे काही अंशी वाया जाणारी ताकदच, त्यामुळे तो खाली आला. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत आयोजकांनीही कुरकुर केली. मर्सिडीजने तर चाचणीत गाडीच्या मागे चक्क भोंगा लावून पाहिला! (आपले सायलेन्सरवाले पोट्टे एकटेच नाहीत.) भोंग्याचा उपयोग झाला नाही. पण २०२० मध्ये इटलीतल्या मोंझाला हॅमिल्टनने पात्रता फेरीत याच 'मुक्या' इंजिनावर ताशी सरासरी २६४ किलोमीटर वेगाने एक फेरी मारली. फॉर्म्युला वनमधली तोवरची ती सर्वात वेगवान फेरी होती. त्या आरडाओरडा करणाऱ्या जुन्या गाड्या मागे पडल्या.

तरी आवाजासाठी हळहळणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. गाडी दिसण्याआधी ती ऐकू यायची. कुणी गिअर कधी टाकला, वळणावर कोण उशिरापर्यंत दाबून राहिला, हे कानाला समजायचं. आपल्याकडचा जुना मेकॅनिकसुद्धा गाडी उघडण्याआधी तिचा आवाज ऐकतो. ते नुकसान खरंच आहे.

थरार मात्र आवाजाबरोबर गेला, हे मला पटत नाही. हिंगणघाटवरून जाणारा आपला महामार्ग थेट हैदराबादला जातो. तिथे हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ ला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. मुंबईच्या महिंद्रा कंपनीचा संघ २०१४ च्या पहिल्या हंगामापासून या स्पर्धेत आहे. या गाड्यांत इंजिनाची घरघर नाही, म्हणून टायरचं किंचाळणं ऐकू येतं, गाडीला गाडी घासल्याचं ऐकू येतं. शिवाय लहान लेकराला कानात बोळे न घालता नेता येतं.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? पुलगाव ओलांडून तळेगाव दशासरचा शंकरपट पाहा. तिथे कुठलं इंजिन असतं? बैलांवरच्या अत्याचाराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. पण जोडी सुटली की हजारो माणसं श्वास रोखून उभी राहतात आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. ओरडतात ती माणसं. जिंकणार कोण हे माहीत नसतं, म्हणून ओरडतात.

पालकांना एक विनंती. २०१३ च्या आणि २०२० च्या गाडीचा व्हिडिओ मोबाईलवर पाठोपाठ लावा. लेकराला डोळे मिटून ऐकू द्या आणि कोणती जास्त जोरात धावते ते विचारा. उत्तर चुकणार, चुकू द्या. मग वरचा भागाकार-गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्या. आणि विजेवरच्या गाडीला 'फटफटी'सारखं नाव ठेवायला सांगा. माझ्या वर्गात 'सुंयसुंयी' निघालं. तुमच्याकडे काय निघतं ते कळवा.