आपला रक्तदाब, आपला आकडा

मैत्रिणींनो, दवाखान्यात दंडाला पट्टा बांधतात आणि म्हणतात, "थोडं वाढलंय, टेन्शन घेऊ नका." किती वाढलंय ते सांगत नाहीत. वस्तीतल्या बैठकांत मी हेच ऐकते. बायकांना घरी मोजायला शिकवा म्हटलं, की उत्तर ठरलेलं : "उगाच घाबरतील." बचत गटाचा पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई दोन आकड्यांना घाबरेल?

शिकवायचं तरी किती? पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीला. बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहायचं. काही दिवसांची सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर डॉक्टरांना वही दाखवायची. गरोदर बाईनं १४०/९० दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घरात बाईला पाच मिनिटं बसू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न फक्त यंत्राचा नाही.

यंत्र आलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. प्रत्येक उपकेंद्रात बायकांना मोजायला शिकवा, गोळ्या नियमित द्या, ही आपली मागणी. आणि तोवर? गटानं मिळून एक यंत्र घ्यावं. आकडा आपल्या शरीराचा आहे. तो आपल्या वहीत हवा.