डॉक्टर फुकट, कागद विकत

तंजावरहून तिरुवैयारुला जाताना जेमतेम बारा-तेरा किलोमीटरच्या रस्त्यात पाच नद्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावही त्यावरूनच पडलेलं. त्यागराजांची समाधी, पुष्य वद्य पंचमीची आराधना आणि मुगाच्या डाळीचा तुपाळ अशोका हलवा, या तीन गोष्टींसाठी लोक या नद्या ओलांडून येतात. उलट दिशेनं सकाळी दहाच्या सुमारास रक्त जातं. उपाशीपोटी घेतलेल्या, नावाची चिठ्ठी डकवलेल्या कुप्या मोटारसायकलवरच्या थंड डब्यातून तंजावरला रवाना होतात. काही तिथून पुढं मोठ्या शहरांत.

त्यातली एखादी कुपी बायकोच्या मामांची असते. मामा तिरुवैयारुचेच. घरात मराठी, दारात तमिळ, अशा तंजावरी मराठी घरातले. वय सत्तरीच्या पुढं, साखर आणि रक्तदाब दोन्ही मुक्कामाला. आणि सरकारी डॉक्टरवर त्यांची पूर्ण श्रद्धा. ती आंधळी म्हणता येणार नाही. ऑगस्ट 2021 मध्ये तमिळनाडूनं ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू केली, लोकांना शोधत त्यांच्या दारी जाणारं वैद्यक. तेव्हापासून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच येतात. आरोग्यसेविका येते, बोटाला टोचून साखर बघते, दंडाला पट्टा गुंडाळते, मामींना दोन गोष्टी सुनावते आणि जाते. पुण्यातल्या माझ्या सोसायटीत एवढं कौतुक कुणाचं होत नाही.

अडतं ते तपासणीपाशी. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात (कुठल्या ते सांगत नाही, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते आपल्याच तालुक्यातलं वाटेल) डॉक्टरांनी मामांना नीट तपासलं. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली. क्रिएटिनिन तिथंच झालं. एचबीएवनसीचं यंत्र होतं, त्यात घालायचं रसायन संपलं होतं. सोनोग्राफीला पुढची तारीख. मग डॉक्टरांनी आवाज थोडा खाली आणून म्हटलं, घाई असेल तर बाहेरून करून आणा.

मामांना घाई नव्हती, काळजी होती. समोरच्या गल्लीत ते पाचशे आणि हजार-बाराशे मोजून आले, दोन दिवसांत कागद घेऊन त्याच सरकारी डॉक्टरांकडे परतले. खाजगी डॉक्टरकडे जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. निदान त्यांना सरकारीच हवं होतं. विकत घेतली ती फक्त तारीख.

खाजगी प्रयोगशाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तपासणी स्वस्त कशी करावी, हे देशाला दाखवलं ते एका तमिळ माणसानं, आणि तेही मुंबईत. कोइमतूरकडचे ए. वेलुमणी भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होते. थायरॉइडवर काम केलेला हा माणूस नोकरी सोडून 1990च्या दशकात ‘थायरोकेअर’ काढतो. त्यांचं गणित साधं होतं. यंत्राचा खर्च दहा नमुने घाला की हजार घाला, फारसा बदलत नाही. म्हणून गावोगावचं रक्त एका जागी आणायचं, यंत्र रात्रभर चालवायचं आणि दर पाडायचा. आता सांगा, या देशात सर्वांत जास्त नमुने कुणाच्या हाती आहेत? सरकारच्या. मग रसायन संपतं कसं?

हे सरकारला जमत नाही असंही नाही. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 मध्ये स्थापन झालं आणि औषधखरेदीसाठी देशभर नावाजलं गेलं. त्याच महामंडळानं मोठ्या सरकारी रुग्णालयांत सीटी आणि एमआरआयची यंत्रं ठरावीक, बाजारापेक्षा बऱ्याच कमी शुल्कावर चालवली. पैसे घेतात, पण दर भिंतीवर लिहिलेला आणि पावती सरकारी. आपल्याकडे ‘महालॅब’ 2017 पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं रक्त एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारची कंपनी तपासते, रुग्णाकडून पैसे घेत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर तपासण्यांसकट सगळे उपचार निःशुल्क झाले. तरीही ‘बाहेरून करून आणा’ हे वाक्य सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत ज्यानं ऐकलं नाही असा माणूस मला भेटवा.

हे वाक्य कधी नाइलाजाचं असतं, कधी नसतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांना, विंचूदंशावरच्या कामासाठी जगात ओळखल्या जाणाऱ्या माणसाला, 2013च्या सुमारास एका तपासणी केंद्राकडून 1200 रुपयांचा चेक आला होता. रुग्ण एमआरआयला पाठवल्याबद्दल! त्यांनी तो परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली म्हणून आपल्याला कळलं. ज्यांनी परत केला नाही, त्यांचे चेक बँकेत वटले असणार.

मामांच्या डॉक्टरवर माझा तसा काडीचाही संशय नाही. माझं लक्ष गेलं ते चिठ्ठीकडे. औषधं केसपेपरवर लिहिली होती, क्रिएटिनिनही. बाहेरच्या दोन तपासण्या मात्र तळहाताएवढ्या कोऱ्या कपट्यावर, कुणाची सही नाही, शिक्का नाही. म्हणजे सरकारच्या दप्तरी मामा आले, तपासले गेले, औषध घेऊन समाधानानं घरी गेले. रसायन संपलं होतं, हे कुठंच नाही. पंधराशे-सतराशे रुपये मामींच्या डब्यातून गेले, हेही नाही. राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की देशाच्या आरोग्यखर्चातला रुग्णाच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. आनंद आहे. पण कुठल्या दवाखान्यातून, कुठल्या तपासणीसाठी, किती माणसं रस्ता ओलांडून गेली, हे त्या टक्क्यांतून उमगत नाही, कारण ते लिहायची जागाच नाही.

तंजावरला हे जास्त खटकतं. 1798 ते 1832 या काळात तिथं गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात रुग्ण तपासले जात, औषधं बनत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळातले डोळ्यांच्या रुग्णांचे कागद आजही आहेत. रुग्ण कोण, दुखणं काय, उपचार काय केला, शिवाय डोळ्यांची हातानं रंगवलेली चित्रं. राजाला डोळे तपासण्याचा नाद होता, त्यामुळे हे सर्वसामान्य कारभाराचं उदाहरण नव्हे, हे मान्य. राजा मेहेरबान असेल तिथंच असं दप्तर टिकायचं. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाच्या बुबुळाचा रंग आपल्याला ठाऊक आहे, आणि गेल्या महिन्यातली मामांची सोनोग्राफी सरकारला ठाऊक नाही.

म्हणून मामांना मी सुचवलं, की डॉक्टरांना सांगा, बाहेरची तपासणी केसपेपरवरच लिहा, शेजारी कारण टाका: यंत्र बंद, रसायन नाही, तारीख लांब. मोफत करून द्या असं आपण म्हणतच नाही, नोंद तरी ठेवा. महिन्याच्या शेवटी असे सगळे केसपेपर मोजले की वरच्या कचेरीला कुठं काय कमी आहे ते आपोआप कळेल.

मामांनी हलव्याचा चमचा बाजूला ठेवला (हलवा मामींच्या वाट्याचा होता) आणि म्हणाले, ‘लिहायला लावलं तर डॉक्टरवरच ठपका येणार. मग तो पुढच्या वेळी चिठ्ठीच देणार नाही, तपासणीच सांगणार नाही. त्याला सांगायला कोण जाणार, तुम्ही?’

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तर येतो. मामी म्हणाल्या, आधी पुढच्या एचबीएवनसीचे पाचशे कुणी द्यायचे ते ठरवा.