तिथी माहीत नसलेलं पान

आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटीत एक नाना आहेत. मूळचे सातारकडचे. सगळी हयात वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून गेली. दर सर्वपित्रीला ते एक पान जास्तीचं वाढतात, आजोबांच्या थोरल्या भावासाठी. "खडकीच्या पलटणीत होता. बसऱ्याला गेला, तिकडंच मेला. तिथी कुणालाच ठावं न्हाई."

खडकीची पलटण म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स. यातला मायनर कोळशाच्या खाणीतला नव्हे, तर लढाईत खंदक, सुरुंग खणणारा. या पलटणीच्या दोन कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या. आणखी दोन मराठा पलटणींसोबत इराकात कुतच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं. वाचलेले कैदी झाले, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

मेलेल्यांचं काय झालं? फ्रान्समधल्या स्मारकावर शिपायांची नावं आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र नावं साहेबांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांचा नुसता आकडा, 'आणि इतर इतके हिंदी सैनिक'. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं 2021 मध्ये हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली.

याच कमिशनच्या वेबसाइटवर मृतांच्या नोंदी फुकट शोधता येतात. नाव, पलटण, मृत्यूची तारीख. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हासुद्धा. परवा नानांचा नातू आणि मी बसलो. नाव जुळणाऱ्या तीन नोंदी निघाल्या. दोघांच्या बापाचं नाव नाही. तिसऱ्याच्या गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनानं असं लिहिलंय की गाव ओळखू येईना. नाना म्हणाले, "आत्याला ठावं असतं." आत्या दोन वर्षांपूर्वी गेली.

माझं म्हणणं एवढंच. माफी लंडननं मागितली, पण कागदावरचं नाव कुठल्या घरचं, हे लंडनला कधीच कळणार नाही. ते आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि ती माणसं एकेक करून चाललीत. नवी मुंबईत सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली हजारो घरं आहेत. महापालिकेनं आपल्या वाचनालयांत आठवड्यातून एक दिवस एक कॉम्प्युटर आणि इंग्रजी वाचणारा एक माणूस बसवला तरी काम सुरू होईल. खर्च किती? एका स्वागत कमानीएवढाही नाही.

तोवर आपण काय करायचं? गावाकडं फोन करा. लढाईला गेलेल्याचं नाव, बापाचं नाव, पलटण, गावाचं जुनं नाव वहीत लिहून ठेवा. शोधताना जिल्ह्यांची जुनी नावं टाका. पनवेल, उरण, महाडवाल्यांनी रायगड नाही, कुलाबा टाका. ते नाव 1981 पर्यंत होतं. स्पेलिंग चारपाच तऱ्हेनं करून बघा.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांनी हे उकरून काय मिळणार? पैसा नाही, पेन्शन नाही. मिळालीच तर एक तारीख मिळेल.

नाना अजून पान वाढतात. त्यांना ती तारीख हवी आहे.