आधी छत, मग एसी

उन्हाळा लागला की नातेवाइकांच्या फोनवर हल्ली एकच विषय असतो: एसी किती टनाचा घ्यावा? माझं उत्तर सगळ्यांना सारखंच असतं. आधी डोक्यावरचा स्लॅब बघा, मग दुकानात जा. पुतण्या-भाच्यांना हे म्हातारपणाचं बोलणं वाटतं, म्हणून इथे हिशोबच मांडतो. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही, घाबरू नका.

एखादा थर उष्णतेला किती अडवतो? त्याची जाडी मीटरमध्ये घ्या आणि पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागा. हा झाला रोध. आरसीसीची वाहकता साधारण १.५८ आणि थर्मोकोलची ०.०३५. आता गंमत पाहा. पाच इंची स्लॅब जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला तीन मिलिमीटर थर्मोकोल पुरतो! स्लॅब भक्कम असतो हो, पण उन्हापुढे तो चाळणीसारखा.

स्लॅब, प्लॅस्टर आणि वरखालचा हवेचा पातळ थर मिळून रोध ०.३ धरू. एकाला त्याने भागलं की ३.३ येतात. म्हणजे एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून ३.३ वॅट उष्णता आत येते. छत ४५ चौरस मीटर आणि भर उन्हात फरक २५ अंशांचा धरला, तर झाले सुमारे ३,७०० वॅट. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक अख्खा एसी नुसत्या छताशी कुस्ती खेळणार, आणि बिल आपण भरणार!

त्याच छतावर एक इंच थर्मोकोल बसवला तर हा आकडा ११०० वर येतो. दुसरा इंच घातला तर ६५० वर. पहिल्या इंचाने २६०० वॅट वाचले, दुसऱ्याने जेमतेम साडेचारशे. पहिला इंच सोन्याचा, दुसरा चांदीचा, पुढचे पितळेचे. 'जितकं जाड तितकं चांगलं' म्हणणाऱ्या कंत्राटदाराला हे जरूर ऐकवा. २०१८ साली आलेल्या इको निवास संहितेने छतातून येणाऱ्या उष्णतेला १.२ ची मर्यादा घातली. आपल्या ३.३ च्या स्लॅबला तिथे पोचायला तो पहिला इंच पुरतो.

पण हे औषध सगळ्या गावांना एकाच मात्रेत देता येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता ओतत राहतो. तिथे थर स्लॅबच्या वर हवा, म्हणजे स्लॅब मुळात तापणारच नाही. आतून फॉल्स सीलिंग लावून हे साधत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांवर मातीचा जाड थर असे, तो काय उगीच? फूटभर कोरडी माती म्हणजे जवळजवळ पाऊण इंच थर्मोकोल, शिवाय वजनामुळे ऊन आत पोचायला संध्याकाळ होते.

कोकणात गणित निराळं. दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही, त्रास दमटपणाचा. तिथे सावली आणि वारा आधी. कौलांच्या फटींतून हवा खेळते, खाली माळा असतो. आता गच्चीवर पावसासाठी पत्र्याची शेड घालतात, तीही स्लॅबला सावली देते. थर घालायचाच तर पाणी न पिणारा घाला. ओली झालेली रॉकवूल काही कामाची नाही.

आणि अमेरिकेतल्या मंडळींनी इकडे सल्ला पाठवताना जरा थांबावं. मिनेसोटात माळ्यावर आर-४९ लागतं, आपल्या मापात ८.६. तिथे जानेवारीत बाहेर उणे वीस, आत अधिक वीस. फरक चाळीस अंशांचा, आणि थंडी महिनोन् महिने. त्यांची जाडी त्यांना लखलाभ.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. गळती आधी थांबवा. थर्मोकोल जळतो आणि उन्हात खराब होतो, त्यामुळे वर काँक्रीट आणि फरशी लागते. त्याचं वजन दर चौरस मीटरला शंभर किलोच्या घरात जातं. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि एवढा खर्च झेपत नसेल तर निदान गच्ची पांढरी करा. चुन्याचा हातही पुष्कळ ऊन परतवतो.

मला खरी काळजी आहे ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. मुलं परगावी, वीज गेलेली, आणि मे महिन्याची रात्र. वीज गेली की एसी बंद पडतो, छतावरचा थर बंद पडत नाही. आई-वडिलांना एसी भेट देणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा.

असो. तुमच्याकडे काय उपाय करतात, जरूर कळवा.